शिळं उत्तर

"एकच प्रश्न आहे हो ताई, एकच," काकू म्हणाल्या. "तेवढा विचारू दे, की आम्ही निघतोच."

घाईताईच्या एका हातात टोपीची सुटलेली वादी होती आणि दुसऱ्या हातात ओला टॉवेल. प्रयोग आटोपला होता, सर निघून गेले होते, संगणकावरचा प्रोग्रॅम बंद करून झाला होता आणि खाली गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला होता. समोरच्या खुर्चीत काका होते. आयुष्यभर बस चालवलेला हा माणूस एकेक स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजारामुळे आता स्वतःची मानही पेलू शकत नव्हता. खुर्चीला लावलेल्या दोन उश्यांच्या मध्ये त्यांचं डोकं टेकवलेलं होतं आणि डोक्यावर तारांची ती टोपी होती.

"काकू, हे संशोधनाचं यंत्र आहे. घरगुती प्रश्न विचारायचे नाहीत, असं सरांनी बजावलंय ना?"

"सरांना घर नाही का?"

घाईताईला हसू आलं आणि तिथंच ती फसली. हसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. तिने वादी पुन्हा काकांच्या हनुवटीखाली अडकवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि संगणकाकडे धावली. धावली म्हणजे खरंच धावली. खोली दहा पावलांचीसुद्धा नव्हती, पण चालत जाणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तिचं खरं नाव हजेरीपुरतं होतं. प्रयोगशाळेतली मुलं तिला घाईताई म्हणत, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर, आणि तिलाही ते आवडायचं. मेंदूच्या प्रयोगशाळेत येण्याआधी ती लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात होती. बटण दाबल्यापासून दार हलेपर्यंतचा वेळ कमी करायचा, हे तिथलं काम. इथंही कामाची जात तीच. माणसाच्या मनात काहीतरी हलल्यापासून पडद्यावर काहीतरी हलेपर्यंतचा वेळ कमी करायचा. कवटीवरून मिळणारा सिग्नल म्हणजे लग्नाच्या मांडवात कुणी कानात सांगितलेली गोष्ट. विजेची गुणगुण, डोळ्यांची उघडझाप, मानेचे स्नायू, सगळा गोंगाट वरचढ. तो चाळून काढायचा, कामाचं तेवढं ठेवायचं, आणि तेही पापणी लवायच्या आत. यात घाईताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाकी संसारात मात्र ही घाई तिला महागात पडायची. चहा निवेपर्यंत दम नाही म्हणून ती त्यात गार पाणी ओतायची. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत दम नाही म्हणून त्याचं वाक्य स्वतःच पूर्ण करायची आणि बहुतेक वेळा चुकीचं करायची.

काकांसाठी तिने युक्ती काढली होती. इतर लोकांना हाताची मूठ आवळल्याची कल्पना करायला सांगत, पण काकांना ते जमेना. तेव्हा ती म्हणाली, "काका, मूठबीठ सोडा. तुम्ही आपले गिअर टाका." त्या दिवसापासून गाडी मार्गी लागली. मनातल्या मनात गिअर टाकला की पडद्यावरचं टिंब वर जायचं, 'हो'कडे. मनातल्या मनात पायाने ब्रेक दाबला की खाली, 'नाही'कडे. पूर्वी काका भुवया उंचावून हो-नाही सांगत. महिन्याभरापासून भुवयाही गेल्या होत्या. पापण्या अर्ध्या उघड्या असायच्या आणि आपोआप लवायच्या, त्यामुळे त्यांचाही भरवसा उरला नव्हता. त्यांना ऐकू येत होतं, दिसत होतं, कळत होतं. सांगता येत नव्हतं.

प्रोग्रॅम सुरू झाला. पडद्याच्या मधोमध टिंब उभं राहिलं.

"विचारा," घाईताई म्हणाली. "पण लवकर हं."

काकू नवऱ्यासमोर वाकल्या. गाडीत म्हणत म्हणत पाठ करून आल्या असाव्यात, कारण एका दमात बोलल्या. "अहो, ऐका. छाती आता फार दिवस काम करणार नाही, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलंय. गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावायचं की नाही, ते उद्या दुपारी त्यांना सांगायचंय. धडधाकट होतात तेव्हा मी विचारलं की तुम्ही थट्टेवारी न्यायचात. आता थट्टा नको. मशीन हवं असेल तर गिअर टाका. नको असेल तर ब्रेक."

घाईताईचा हात टॉवेलवरच थांबला. आपण कुठला प्रश्न विचारू दिला हे तिला आत्ता कळलं. पण आता मधे तोंड घालणार कसं?

टिंब थोडं थरथरलं आणि मग सरळ खाली गेलं.

"पुन्हा विचारते हं. हवंय का?"

पुन्हा खाली. बाजूच्या पडद्यावर काकांच्या मेंदूच्या बारीक रेघा सरकत होत्या. त्यांत कानाजवळच्या दोन रेघा एकदम जाड, काळ्या, गिचमिड झाल्या. बिचारे किती जोर लावतायत, घाईताईच्या मनात आलं. तिचे डोळे भरून आले.

काकू सरळ झाल्या. पदराने त्यांनी काकांच्या डोळ्यांतून ओघळणारं पाणी टिपलं. "बरं," त्या म्हणाल्या. "तुमची मर्जी. मी आडवी येणार नाही." मग घाईताईकडे वळून, जणू दुकानातून निघताना म्हणावं तसं, "येतो हं ताई. फार उपकार झाले."

त्या दिवशी संध्याकाळी घाईताई जेवायला बसली ती जेवत नव्हतीच. समोर आई होती. आई एकेक घास इतका चावायची की घाईताई तिच्या पानाकडे बघायचं टाळत असे. आज तिला तेही सुचलं नाही. ती पाय हलवत होती, चमचा वाजवत होती, उठत होती, बसत होती.

"कुणाचं काय बिघडलंय?" आईने विचारलं.

"काही नाही. एका माणसाने आज सांगितलं, मला आता पुरे म्हणून. माझ्यासमोर सांगितलं."

"बोलता येत नाही म्हणालीस ना त्याला?"

"मनातून सांगितलं. आमच्या यंत्रावर."

आई घास चावत राहिली. मग म्हणाली, "दात नको खाऊस. कानशिलं बघ कशी उडतायत. लहानपणापासून हेच. चारचौघांत बसलं तरी कटाकटा."

घाईताईने कानशिलावर बोटं ठेवली. जबडा आवळला की तिथला स्नायू टणक होऊन वर यायचा, सोडला की बसायचा. तिने पुन्हा आवळला आणि पुन्हा सोडला.

कानाजवळच्या दोन जाड, काळ्या रेघा. जबडा आवळल्याशिवाय तसल्या रेघा येत नाहीत, हे ती झोपेतही सांगू शकली असती. काकांचा जबडा गेल्या वर्षीच गेला होता. काकू त्यांच्या हनुवटीला हात लावून तोंड मिटवत. मग दुपारी दात कुणी खाल्ले?

ताट तसंच टाकून ती उठली. आई मागून काहीतरी म्हणाली, ते तिला जिन्यात ऐकू आलं.

प्रयोगशाळेत एक पद्धत होती. माणूस खुर्चीत बसवण्याआधी प्रोग्रॅम नीट चालतोय का हे बघायचं, म्हणून जुनं रेकॉर्डिंग आत्ता येत असल्यासारखं चालवून बघायचं. त्याला मुलं 'शिळं' म्हणत. खुर्चीतल्या माणसाचं ते 'ताजं'. "शिळं लावलंय की ताजं?" असं दिवसातून चारदा कुणी ना कुणी ओरडायचं. आणि शिळं म्हणून सगळे जण एकच रेकॉर्डिंग वापरत, घाईताईच्या स्वतःच्या डोक्याचं. कारण अधूनमधून दात खाणं सोडलं तर तिच्या रेघा सगळ्यांत स्वच्छ येत. "ताईंच्या डोक्यात गोंगाटच नाही, कारण आत काही नाहीच," हा विनोद मुलांनी झिजवून झिजवून गुळगुळीत केला होता.

प्रोग्रॅम उघडला की आधी विचारायचा, शिळं की ताजं. रोज रोज ते उत्तर देण्यात जाणारा वेळ घाईताईला बघवेना. मागच्याच आठवड्यात तिने तो प्रश्न काढून टाकला होता. काही सांगितलं नाही तर आपोआप शिळं चालू होईल, अशी सोय करून ठेवली होती. सकाळी चाचणी करून माणूस बसला की हाताने ताजं लावायचं. तसं ते रोज लावलंही जात होतं. दुपारीही प्रयोगाच्या वेळी ताजंच होतं. पण मग तिने प्रोग्रॅम बंद केला, काकूंसाठी धावत जाऊन पुन्हा उघडला आणि...

खोलीत शिरून तिने दिवा लावायचीही वाट पाहिली नाही. प्रोग्रॅम उघडला. पडद्याच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, लिहिलेलं होतं: शिळं.

टिंब मधोमध उभं राहिलं. थोडं थरथरलं. खाली गेलं. पुन्हा मध्ये आलं, पुन्हा खाली गेलं. बाजूला कानाजवळच्या दोन रेघा जाड आणि काळ्या झाल्या. तिचाच जबडा, तिचाच मेंदू. त्या रेकॉर्डिंगमध्ये आधी सगळे ब्रेक होते आणि नंतर सगळे गिअर. काकूंनी कुठलाही प्रश्न विचारला असता तरी उत्तर 'नाही' आलं असतं. अजून थोडा वेळ गप्पा मारून विचारला असता तर 'हो' आलं असतं. खुर्चीत काकांच्या जागी उशी बसवली असती तरी चाललं असतं.

तिने काकूंना फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. मग सरांना लावला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"पहिली गोष्ट," सर म्हणाले, "त्या यंत्रावर त्यांनी असा निर्णय घ्यायचाच नव्हता. आपण लेखी घेतलंय त्यांच्याकडून."

"सर, विचारू मी दिलं."

"दुसरी गोष्ट, तू परस्पर जाऊ नकोस. मी सकाळी आपल्या नीतिसमितीला कळवतो. त्यांच्या डॉक्टरांना पत्र जाईल. रीतसर जाऊ दे."

"पत्र कधी पोचणार? डॉक्टर उद्या दुपारी विचारणार आहेत."

"तू उद्या तिथं गेलीस आणि काही कमीजास्त झालं तर तुझी नोकरी मी वाचवू शकणार नाही. आणि तू जाऊन करणार काय?"

"पुन्हा विचारणार. ताजं लावून."

सरांनी फोन ठेवला. चुकीचं ते काहीच बोलले नव्हते, हेच तिला जास्त लागलं. घरी येऊन ती अंथरुणावर पडली तेव्हा एक विचार तिला गाठायला टपूनच बसला होता. काका बघत होते. डोळे अर्धे का होईना, उघडे होते आणि पडदा समोर होता. टिंब खाली जाताना त्यांनी बघितलं. आपण ते खाली नेत नाही आहोत, हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं. आणि त्यांच्या डोळ्यांतून आलेलं पाणी काकूंनी पदराने टिपून घेतलं होतं.

ती उठून बसली. पडली, पुन्हा उठली. शेवटी उजाडायची वाट बघत स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागली, तेव्हा आई आतून म्हणाली, "अगं, जमीन झिजेल."

सकाळी लवकर ती प्रयोगशाळेतून पडदा जोडलेली यंत्राची छोटी पेटी, टोपी आणि जेलच्या बाटल्या पिशवीत भरत होती, तेव्हा फोन वाजला. सर होते. आता अडवणार, तिने मनाशी म्हटलं आणि बोलायला तोंड उघडलं.

"त्या छोट्या पेटीची बॅटरी लवकर उतरते," सर म्हणाले. "चार्जर घे." आणि फोन ठेवला.

काकूंचं घर रस्त्याला लागून होतं, तळमजल्यावर. पुढच्या खोलीत खिडकीशी काकांची खाट. येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे आवाज त्यांना ऐकू यावेत म्हणून काकूंनीच ती तिथं हलवली होती. दार काकूंनी उघडलं. न्हाऊन धुऊन, केस नीट विंचरून तयार होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर घाईताईने कधी न पाहिलेली शांती होती.

"अगंबाई, ताई! या, या. तुम्ही कशाला त्रास घेतलात?" काकूंना वाटलं ही समाचाराला आली. "फोन मी मुद्दाम बंद ठेवला काल. थोरल्याला तेवढं कळवलं. निघालाय तो, उद्यापर्यंत पोचेल, भेट होईल वडलांची. रात्री आम्ही दोघंच होतो. सगळं बोलून घेतलं बघा. म्हणजे मीच बोलले. लग्नापासूनचं सगळं. किती दिवसांनी मला झोप लागली काल. ह्यांच्या मनातलं एकदाचं कळलं ना, म्हणून."

काकांची दाढी केलेली होती. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. अर्ध्या पापण्यांमधून ते समोर बघत होते.

"काकू, बसा," घाईताई म्हणाली.

"बसते की. चहा टाकते आधी."

"कालचं उत्तर काकांचं नव्हतं."

काकू थांबल्या. "मग कुणाचं होतं?"

"माझं."

कधी नव्हे ते ती सावकाश बोलली. शिळं म्हणजे काय, ताजं म्हणजे काय, ते तिने सांगितलं. "माणूस गप्प बसलेला होता आणि मागे टेप वाजत होती, तसं झालं काकू. आणि आपल्याला वाटलं माणूस गातोय. टेप माझी होती. ती बंद करायचं काम माझं होतं. मी घाईत विसरले."

काकूंनी खाटेचा कठडा धरला. "म्हणजे हे काय म्हणत होते?"

"माहीत नाही. ते आपण ऐकलंच नाही."

"पण हे तर बघत होते."

"हो."

"समोर बसून बघत होते?"

"हो, काकू."

"आणि रात्रभर मी ह्यांच्या उशाशी बसून..." काकूंचा आवाज चिरकला. "मी ह्यांना म्हटलं, बरं केलंत, तुम्ही सुटाल. असं म्हटलं मी. हात हातात घेऊन म्हटलं. आणि ह्यांना सांगता येईना की बाई गं, मी नाही बोललो तसं!"

त्या रडल्या नाहीत. त्या घाईताईकडे अशा बघत राहिल्या की त्यांनी एक मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. रस्त्यावरून एक बस गेली आणि खिडकीची काच थरथरली.

"तुम्हाला हाताला धरून बाहेर काढलं असतं मी," काकू शेवटी म्हणाल्या. "पण हे तुमचं यंत्र तुमच्याशिवाय कुणाला चालवता येत नाही. लावा ते."

घाईताईने टोपी चढवली. टोपीतल्या एकेका बटणाखाली बोथट सुईने जेल सोडलं. घाई न करता, दर वेळी थांबून मग सोडलं. काकांच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "काका, काल तुमचं काहीच इकडे पोचलं नाही. चूक माझी. आज पोचेल." आणि तिने ताजं लावलं.

"कशावरून हे ताजं?" काकूंनी विचारलं.

"त्या टोपीच्या बटणावर टिचकी मारा. कुठल्याही."

काकूंनी टिचकी मारली. पडद्यावरची एक रेघ उडाली. त्यांनी दुसऱ्या बटणावर मारली, दुसरी रेघ उडाली. तिसऱ्यावर मारली. मग पुन्हा पहिल्यावर. दुधाने तोंड पोळलं होतं, ताकही फुंकून पिणं आलंच. घाईताईने त्यांना हव्या तितक्या टिचक्या मारू दिल्या.

"आधी माहीत असलेलं विचारा," ती म्हणाली. "ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे असं."

काकूंनी विचार केला. "अहो, तुमचं लग्न माझ्याशीच झालंय ना?"

टिंब मधोमध थरथरत राहिलं. थोडं खाली घसरलं, पुन्हा मध्ये आलं. घाईताईला वाटलं जेल कमी पडलं असेल, टोपी सरकली असेल, तिचा हात पिशवीकडे गेला. आणि टिंब हळूहळू, चढणीवरच्या भरल्या बससारखं, वर गेलं.

"एवढा वेळ?" काकू म्हणाल्या. "बरं. घरातली भांडी तुम्ही घासायचात?"

टिंब खाली गेलं. हे जरा लवकर गेलं.

"खरं बोलतायत," काकू म्हणाल्या. मग त्या खाटेवर बसल्या, काकांचा हात त्यांनी मांडीवर घेतला आणि कालचाच प्रश्न विचारला. काल पाठ केलेली वाक्यं आज काही आली नाहीत. "अहो, ते मशीन. गळ्यातलं. हवंय का तुम्हाला?"

कालचं शिळं टिंब कसं सरळ गेलं होतं! हे तसं नव्हतं. हे वर निघालं, अडखळलं, परत खाली आलं, एका जागी डळमळत राहिलं. काकांना धाप लागली होती. प्रत्येक श्वासाला इस्त्रीचा शर्ट उचलला जात होता. घाईताईच्या जिभेवर वाक्य आलं होतं, 'बहुतेक हो म्हणतायत.' तिने ते गिळलं. जबडा आवळला गेला आणि तिने तो मुद्दाम सैल सोडला. हे उत्तर तिचं नव्हतं.

टिंब वर गेलं. अगदी वर, पडद्याच्या काठाला जाऊन थांबलं आणि खाली येईना.

"उलटं विचारा," घाईताई हळू आवाजात म्हणाली. "खात्री होईल."

"मशीन नको आहे का? गेलो तरी चालेल, असं आहे का तुमच्या मनात?"

टिंब खाली आदळलं. समोर पोर आडवं आल्यावर दाबतात तसा हा ब्रेक होता.

काकूंनी तोंडावर पदर धरला. आता त्या रडल्या, मोठ्याने, आवरायचा प्रयत्न न करता. "नकोय ह्यांना जायला," त्या म्हणत होत्या. "अहो, नकोय ना? मग मला मेलीला काय माहीत! मी निरोप देऊन बसले!" मध्येच त्या उठल्या, फोन शोधला, डॉक्टरांना लावला. "मशीन लावायचंय. होय, लावायचंय. कुणी सांगितलं म्हणजे? ह्यांनी सांगितलं. नाही, ते कालचं खोटं होतं. तुम्ही स्वतः येऊन बघा हवं तर." मग थोरल्याला लावला. "ये तू, पण रडत येऊ नकोस. वडील आहेत."

घाईताई पेटीपाशी उभी होती. आता समिती बोलावेल, नोकरी राहील की जाईल, ते सगळं पुढे होतं आणि ती त्याला सामोरी जाणारच होती. पण आत्ता तिला काकांच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. त्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि काही दिसत नाही म्हणजे आत काही नाही असं मानण्याची सोय आता उरली नव्हती.

काकू परत येऊन खाटेशी बसल्या. नाक पुसलं. "अहो," त्या म्हणाल्या, "रागावलात का?"

टिंब वर गेलं.

काकू हसल्या. रडून सुजलेल्या चेहऱ्याने हसल्या. "रागवा, रागवा. हक्कच आहे तुमचा." मग घाईताईकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ह्या बाईंवर?"

टिंब वरच होतं. हललंसुद्धा नाही.

"बरोबर आहे काका," घाईताई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते तिने पुसलं नाही.

काकूंनी काकांच्या बोटांवरून एकदा अंगठा फिरवला. "आणि माझ्यावर?"

टिंब वरून सुटलं. मध्ये आलं. थोडं वर गेलं, थोडं खाली आलं, बाजूला झुकलं, पुन्हा मध्ये आलं आणि तिथंच घोटाळत राहिलं.

घाईताईने पेटीकडे पाहिलं. बॅटरी उतरत चालली होती. तिने चार्जर काढून भिंतीतल्या प्लगमध्ये लावला.

"विचार करतायत," काकू म्हणाल्या आणि त्यांनी बसायचं स्टूल खाटेजवळ ओढून घेतलं. "करू दे. आता वेळ आहे."